बिनकामाच्या खटपटीतला आनंद

मराठीत ‘खटपट्या’ हे विशेषण मोठे गमतीचे आहे. ते कौतुकाने वापरले आहे की वैतागाने, हे बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच ठरते. रविवारी सकाळी भिंतीवरचे चांगले चालणारे घड्याळ खाली उतरवून, त्याचे मागचे झाकण काढून बसलेल्या गृहस्थाकडे घरची मंडळी ज्या नजरेने पाहतात, तिच्यात हे दोन्ही भाव असतात. पाने घ्यायची वेळ झालेली असते. जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर दातेरी चक्रे आणि मोहरीएवढे स्क्रू ओळीने मांडलेले असतात. ‘आलोच’ एवढेच म्हणून गृहस्थ पुन्हा भिंग डोळ्याला लावतात. दुपारी घड्याळ पूर्ववत चालू झाले, तरी त्याचे कोणाला विशेष वाटत नाही; ते आधीही चालतच होते. मग या साऱ्या खटाटोपातून त्यांना मिळाले काय?

घड्याळाच्या दुकानातील कारागीर हेच काम रोज करतो. त्याच्यापाशी गिऱ्हाईक असते, मुदत असते आणि मोबदलाही असतो. हौसेने खटपट करणाऱ्यापाशी यांपैकी काहीच नसते. त्याच्यापाशी असतो एक प्रश्न, आणि तोही त्याने स्वतःच स्वतःला घातलेला. हे चक्र फिरले की ते का अडते? हा भाग उलटा बसवला तर काय होईल? असा प्रश्न एकदा मनात शिरला की त्याचे उत्तर बाजारातून आणता येत नाही, आणि कोणी आयते सांगितले तर आनंदाऐवजी राग येतो. शब्दकोडे सोडवीत बसलेल्या माणसाला मागून डोकावणाऱ्याने ‘आडवा सात’ सांगून टाकला, की त्याच्या कपाळावर जी आठी पडते तिचे कारण हेच. त्याला उत्तर हवे असते, परंतु ते आपल्या हाताने काढलेले हवे असते. संगीत ऐकणे किंवा तिकिटे जमविणे या छंदांत सहसा कोठे अडावे लागत नाही; खटपटीच्या छंदात मात्र अडणे हाच मुख्य भाग असतो. अडल्याशिवाय सुटण्याला गोडी नाही.

या छंदाला पक्कड, पान्हा, कानस अशी हत्यारे लागतातच असेही नाही. (ज्यांना ती लागतात त्यांनी विजेच्या उपकरणाला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा, आणि जुन्या पद्धतीचा मोठा टीव्ही तर उघडूच नये; त्यात प्लग काढल्यावरही घातक दाब साठून राहू शकतो.) केवळ कागद आणि पेन्सिल एवढ्या भांडवलावर जन्मभर खटपट करून जगाच्या गणितात आपले नाव कोरून ठेवणारे एक शिक्षक नाशिकजवळच्या देवळालीत होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव.

देवळालीचे मास्तर

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद येथे नको. पण कुंडली मांडायची तर आकडेमोड पक्की लागते, आणि ती मुलाने वडिलांच्या शेजारी बसून उचलली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत शाळामास्तरकी केली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी कधी घेतले नाही. प्रबंध लिहिला नाही, आणि कोणत्या विद्यापीठाने त्यांच्याकडे अमुक प्रश्न सोडवून द्या अशी मागणी केल्याचेही ऐकिवात नाही.

मग ते करीत तरी काय? संख्या उलटसुलट करून पाहत. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचे ‘डेम्लो’ नावाचे स्थानक होते, आजची डोंबिवली. तेथे सुचलेल्या एका कल्पनेवरून काही संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असेच नाव देऊन टाकले. १११ ला १११ ने गुणले की १२३२१ येतात, ११११ ला ११११ ने गुणले की १२३४३२१. नऊ एककांच्या संख्येचा वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१ असा अंकांचा सुबक डोंगर उभा राहतो. या मांडणीतील संख्या ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. एखाद्या गणिती कल्पनेला रेल्वे स्थानकाचे नाव द्यावे, यातच या माणसाचा स्वभाव दिसतो. आगगाडीची वाट पाहताना इतरांना कंटाळा येतो. यांना संख्या भेटत.

दुसऱ्या एका संख्यासमूहाला त्यांनी संस्कृतातून ‘हर्षद’ असे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि ३ ने १२ ला पूर्ण भाग जातो. रामानुजनच्या नावाशी कायमची जोडली गेलेली १७२९ ही संख्याही हर्षदच आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. तिसरा प्रकार ‘कापरेकर संख्या’ या नावानेच प्रसिद्ध आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९ पुन्हा ७०३. २०२५ हे वर्ष सरून गेले, पण त्या वर्षी दिनदर्शिकेवर दररोज डोळ्यांसमोर असलेली ही गंमत किती जणांच्या ध्यानात आली असेल?

गणिताच्या परिषदांना कापरेकर जात आणि आपले शोध मांडत. त्या काळच्या अनेक गणितज्ञांना हे सारे पोरखेळ वाटे आणि ते हसत. त्यांचे हसणे अगदीच अकारण होते असे म्हणता येत नाही. कारण यातील बहुतेक गोष्टी आपण लिहितो त्या दशमान पद्धतीवर अवलंबून आहेत. माणसाला दहाऐवजी बारा बोटे असती, तर हर्षद संख्यांची यादी वेगळीच झाली असती. गणिताच्या मुख्य प्रवाहाला अशा संख्यांनी फारसे वळण दिले नाही, हे खरेच आहे. परंतु कापरेकरांनी तसा दावा केव्हा केला होता? त्यांना एक गोष्ट दिसली होती, तिने त्यांना हर्ष झाला होता आणि तो त्यांना वाटून द्यायचा होता.

या छंदाची किंमतही त्यांनी मोजली. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले आणि पुढे निवृत्तिवेतन पुरेनासे झाले. राहणी अत्यंत काटकसरीची असूनही चरितार्थासाठी त्यांना गणित-विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. उरलेला वेळ संख्यांचा. अखेर मार्च १९७५ मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्तरीत, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. हे गार्डनर स्वतः गणिताचे पदवीधर नव्हते, तत्त्वज्ञानाचे होते. एका हौशी माणसाची खरी पारख दुसऱ्या हौशी माणसानेच केली. १९८६ मध्ये देवळालीतच कापरेकरांचे निधन झाले.

सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

कापरेकरांची सर्वांत गाजलेली संख्या म्हणजे ६१७४. ती त्यांना १९४६ साली गवसली आणि १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ती जाहीर केली. तिचा खेळ इयत्ता चौथीच्या मुलालाही जमतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. येईल त्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. उदाहरणादाखल कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तीच कृती केली तर पुन्हा ७६४१ उणे १४६७, म्हणजे ६१७४. येथून पुढे वाट नाही. आरंभ कोणत्याही संख्येने करा, फार तर सात वजाबाक्यांत मुक्काम याच ठिकाणी. योगायोग असा की कापरेकरांच्या जन्मवर्षाला पुऱ्या सात पायऱ्या लागतात. ज्या वर्षी हा शोध लागला त्या १९४६ ला सहा. वाचकांनी आपले जन्मवर्ष घेऊन पाहावे. नातवंडांना हातच्याची वजाबाकी शिकविण्याच्या कामी तर हा खेळ फार उपयोगी पडतो. पाढ्यांसाठी बसायला तयार नसणारी मुले ‘माझी पाचव्यातच पोचली’ असे म्हणत वहीची पाने भरून टाकतात.

इथवर गंमत झाली. खऱ्या खटपट्याचे समाधान एवढ्याने होत नाही. घड्याळ चालते हे पाहून तो थांबत नाही, झाकण उघडतोच. हे असे का होते? समजा, मोठ्यापासून लहानापर्यंत चार अंक ओळीने मांडले. पहिल्यातून चौथा वजा करावा आणि दुसऱ्यातून तिसरा. हे दोन फरक हाती आले की वजाबाकीचे उत्तर ठरलेच: पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्या फरकाची ९० पट. १९०५ मध्ये अंक आहेत ९, ५, १, ०. पहिला फरक ९, दुसरा ४. म्हणून ८९९१ अधिक ३६०, म्हणजे ९३५१. वर आले तेच. आता दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. त्यामुळे अशा जोड्या मोजल्या तर त्या भरतात अवघ्या ५४. आरंभीला हजारो संख्या असोत, पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरे उरतात ती ५४ च. जंगलात वाट चुकलेल्या माणसाला पहिल्याच वळणावर सडक लागावी, तसे हे आहे. पुढे या ५४ संख्यांचा माग एका रविवारी दुपारी कागदावर काढता येतो. तो काढल्यावर ६१७४ मधली जादू थोडी उतरते, पण तिच्या जागी जे येते ते जादूपेक्षा अधिक टिकाऊ असते.

तेरीज जुळत नाही तेव्हा

९९९ काय किंवा ९० काय, दोहोंनाही ९ ने पूर्ण भाग जातो. म्हणून वरील प्रत्येक उत्तर ९ च्या पटीत असते. अंकांची केवळ अदलाबदल केलेल्या दोन संख्यांमधला फरक नेहमीच ९ च्या पटीत असतो, हा त्यामागचा व्यापक नियम. आणि बँकेत ज्यांनी संगणकापूर्वीचे दिवस पाहिले आहेत त्यांची या नियमाशी जुनी ओळख आहे. किर्दीवरून खतावणी झाली, खात्यांच्या बाक्या काढल्या, तेरीज मांडली आणि दोन्ही बाजूंत ४५० रुपयांचा फरक निघाला, तर मुरलेला कारकून लगेच सगळी पाने उलटायला बसत नसे. ४५० ला ९ ने भाग जातो, उत्तर ५०. म्हणजे शतक आणि दशक या स्थानांवरचे अंक बदलले गेले असावेत आणि त्या दोन अंकांत ५ चा फरक असावा. मग नजर फिरवायची ती अशाच रकमांवरून. ५,२७३ च्या जागी कोठे ५,७२३ पडले आहेत का? फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम नावे-जमेच्या उलट बाजूला तर गेली नाही ना, हेही पाहिले जाई. ९ ने भाग गेला म्हणजे अंकच उलटले असे मात्र नव्हे. १,२०० च्या जागी १२० लिहिले तरी १,०८० चा फरक येतो आणि त्यालाही ९ ने भाग जातोच. हा केवळ सुगावा. पण दिवे लागणीनंतरही टेबलाशी अडकून पडलेल्या माणसाला सुगावा मिळणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. चुकलेले पन्नास पैसे सापडल्यावर ज्या उत्साहाने चहा मागवला जाई, तो उत्साह पन्नास पैशांसाठी खासच नसे.

आज तेरीज संगणक जुळवतो. परंतु अंक उलटे टाकण्याची माणसाची सवय गेलेली नाही, म्हणून तिच्यावरचा पहाराही कायम आहे. बँकेच्या कार्डावरील क्रमांकाचा शेवटचा अंक हा असाच एक पहारेकरी आहे. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी बसवलेली आणि १९६० मध्ये पेटंट मिळालेली ही युक्ती आहे. उजवीकडून निघून दर दुसऱ्या अंकाची दुप्पट करावी, दुप्पट ९ पेक्षा मोठी झाली तर तीतून ९ वजा करावेत आणि सर्वांची बेरीज करावी. बेरजेच्या शेवटी शून्य आले तर क्रमांक सुसंगत. समजा क्रमांक ६१७१ एवढाच आहे. उजवीकडून १ तसाच, ७ चे १४ आणि १४ चे ५, पुन्हा १ तसाच, ६ चे १२ आणि १२ चे ३. बेरीज १०. घाईत कोणी मधले दोन अंक उलटे करून ६७११ टाकले, तर बेरीज १३ होते आणि चूक उघडी पडते. शेजारचे दोन अंक उलटे झाल्याची जवळजवळ प्रत्येक चूक या रीतीने पकडली जाते. फक्त ० आणि ९ ही जोडी निसटते. ही शेवटची फटही बुजवणारी रीत याकोबस व्हेरहॉफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये दिली. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक तिच्यानुसार ठरतो. आपल्या कार्डावर लून यांची रीत ताडून पाहण्याचा मोह वाचकांना झाल्यास हरकत नाही. मात्र आकडेमोड मनातल्या मनात करावी, आणि कागद घेतलाच तर तो लगेच बारीक फाडून टाकावा.

उपयोगाचा विषय निघाला म्हणून हे सांगितले. तरी उपयोगासाठी हा छंद धरू पाहणाऱ्याची निराशा होण्याचा संभव अधिक. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा अनेक जण पन्नाशीतच घरी बसले, आणि ‘आता वेळ कसा काढायचा’ हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. वेळ काढण्यासाठी म्हणून जे जे सुरू केले जाते, त्याचा महिन्या-दोन महिन्यांत वीट येतो. ज्याला एखादा प्रश्न लागला आहे त्याची अडचण नेमकी उलटी असते. त्याला वेळ पुरत नाही. असा प्रश्न निवृत्तीच्या निरोप समारंभात श्रीफळाबरोबर मिळत नाही. तो आधीपासून, नोकरीच्या धबडग्यातच, पंधरा-वीस मिनिटे चोरून पाळावा लागतो. प्रश्न मोठा असण्याची गरज नाही. मात्र त्याचे उत्तर लगेच मिळू नये, आणि चुकले तर कोणाचे नुकसान होऊ नये. संगणकाची किंवा मोबाइलची मदत घ्यावी की नाही, याविषयी हौशी लोकांत दोन तट आहेत. ६१७४ कडे जाणाऱ्या साऱ्या वाटा संगणक क्षणात छापून देतो. त्याला ते कसे सांगायचे, ही खटपट ज्याला आवडते त्याने ती जरूर करावी. नुसते उत्तर शोधून वाचणाऱ्याने मात्र आपल्याच ताटातला घास दुसऱ्याला दिला असे समजावे.

प्रारंभासाठी कापरेकरांच्याच दप्तरातला एक प्रश्न घेता येईल. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते: २१ मध्ये ३ मिळवले की २४, २४ मध्ये ६ मिळवले की ३०. म्हणजे ३० ला २४ हा जनक आहे आणि २४ ला २१. पण २० ला जनक सापडत नाही. ३१ ला नाही, ४२ लाही नाही. अशा निपुत्रिक नव्हे तर ‘निर्जनक’ संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. २००७ हे वर्ष त्यांतलेच. ४२ नंतरची देवळाली संख्या कोणती, हे काढायला दहा मिनिटे पुरतात. चालू वर्ष त्यांत बसते का, हे ठरवायला थोडी अधिक.

आणि चार अंकांत मन रमले असेल, तर पाचांकडे वळावे. तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५ वर होतो, चार अंकींचा ६१७४ वर. पाच अंकींना मुक्कामच नाही, त्या गोल फिरत राहतात. ६१९७४ पासून निघाल्यास ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि चौथ्या वजाबाकीला परत ६१९७४. पाच अंकांत असे एकूण तीन फेरे आहेत. उरलेल्या दोहोंपैकी एकात चार संख्या आहेत आणि दुसऱ्यात अवघ्या दोन.